कॅसेटची खिडकी

गेल्या महिन्यात ठाण्याला एका लग्नात मास्तर भेटले. सत्तावीस वर्षांनी. जेवणाच्या हॉलबाहेर हात धुवायला रांग लागली होती आणि बाजूच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. चेहरा लगेच लागला नाही. स्पीकरवर सनई चालू होती आणि त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर मात्रा मोजत होती, करंगळीपासून सुरू करून पेरांवर अंगठा टेकत. त्या बोटांवरून मी त्यांना ओळखलं. वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं. त्यांनी उजव्या कानामागचं मशीन जरा चाचपलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसले. मला वाटलं, आता विचारतील कुठे असतोस, मुलं काय करतात, रिटायर झालास का. मास्तर म्हणाले, "हल्ली काय ऐकतोस?"

मी म्हणालो, "काही विशेष नाही, मास्तर."

"बरं," म्हणाले आणि मान हलवली. मग जरा थांबून, कानाकडे बोट दाखवून म्हणाले, "यातून माणसाचं बोलणं येतं. गाणं नाही येत नीट. तंबोरा घोगरा लागतो, वरचा सा फाटतो. म्हणून भेटेल त्याला विचारतो, काय ऐकतोस." तेवढ्यात त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला. पत्ता, फोन, "बदलापूरला ये कधी" एवढं झालं आणि ते गेले. मी हात धुतले, जेवलो, वऱ्हाडाबरोबर हसलो-बोललो. परतीच्या गाडीत मात्र ते "बरं" कानात अडकून बसलं. ज्या माणसाला आता गाणं फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतं, त्याने माझ्यापुढे हात पसरला होता आणि मी काही विशेष नाही म्हणून मोकळा झालो होतो.

ते खरंही नव्हतं. त्या आठवड्यात मी सकाळी चालताना रोज भूप ऐकत होतो. रात्री झोप लागत नसली की लावायचे दोन-चार आवाज ठरलेले आहेत, तेही चालू होते. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण मास्तरांपुढे तोंड उघडेना, आणि का उघडेना हे मला त्या क्षणीही माहीत होतं.

१९९४ ते ९७ ही तीन वर्षं आम्ही डोंबिवलीहून सकाळची एकच फास्ट पकडत होतो. लोकलमध्ये ग्रुप जमतो तसा आमचाही जमला होता. शेजारच्या डब्यात भजनी मंडळ होतं. टाळ आणि ढोलकी डोंबिवलीपासूनच सुरू व्हायची आणि पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरली की तो सगळा गजर भिंतींवर आपटून दुप्पट होऊन आमच्या डब्यात यायचा. १९१६ सालचा तो बोगदा, आत काळोख, खिडकीतून येणारा ओलसर दगडाचा वास, आणि त्यात "विठ्ठल विठ्ठल". आमचा ग्रुप मात्र गाणारा नव्हता, ऐकणारा होता. सहा-सात जण. कुणी फोर्टात बँकेत, कुणी इन्शुरन्समध्ये, मास्तर एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी कधी शाळेत शिकवलेलं नव्हतं. चौथ्या सीटवर अर्धंच टेकून, मांडीवर ठेका धरून बसायचे म्हणून ते मास्तर. आम्हा सगळ्यांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. ते आम्हाला अरे-तुरे करायचे, आम्ही त्यांना अहो-जाहो.

गाडी सुटून सगळे जागच्या जागी बसले की कुणीतरी विचारायचं, "काय ऐकतोयस?" बाकी लोक एकमेकांना चहा झाला का विचारतात, तसं ते होतं. उत्तराबरोबर बॅगेतून कॅसेट निघायची. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेली, वर रबर बँड. कोपरखैरण्याला राहायला जाण्याआधी आमच्यात एक तमिळ गृहस्थ होते, त्यांनी मला लालगुडी जयरामन यांचं व्हायोलिन दिलं. त्यातले तिल्लाने, म्हणजे कर्नाटक संगीतातले तराणे, मी इतक्यांदा ऐकले की आमच्या घरी आई पोळ्या लाटताना तेच गुणगुणायला लागली. ठाण्याला चढणारा एक गोंयकार लोर्नाची कोंकणी गाणी घेऊन यायचा, ख्रिस पेरीच्या ट्रम्पेटसकट. "शब्द कळले नाहीत तरी चालेल, श्वास कुठे घेते ते ऐक," असं तो सांगायचा, आणि तो असं सांगायचा म्हणून मी गाण्यात श्वास ऐकायला शिकलो. एकाने "रोजा" आणली तेव्हा आठवडाभर वाद झाला, हे संगीत आहे की यंत्र आहे. मी माझ्याकडून वसंतराव देशपांड्यांची नाट्यपदं द्यायचो, अभिषेकीबुवा द्यायचो. कुणी आपली कॅसेट आवडली असं म्हटलं की तो दिवस ऑफिसात बरा जायचा. खरंच बरा जायचा. साहेबांनी काही बोललं तरी लागायचं नाही.

पगाराच्या दिवशी आमच्यातले दोघं-तिघं संध्याकाळी काळ्या घोड्याला ऱ्हिदम हाऊसमध्ये जायचो. तिथे ऐकायच्या खोल्या होत्या. विकत एक घ्यायची आणि ऐकायच्या पाच. २०१६ साली ते दुकान बंद झालं तेव्हा मला मास्तरांची आठवण आली होती. तरी फोन केला नव्हता. तेही आत्ता लिहिताना टोचतं आहे.

आमच्यात एक नियम होता. कॅसेट परत देताना रिवाइंड करायची नाही. जिथे ऐकणं थांबलं तिथेच ठेवायची. नियमामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. वॉकमनवर रिवाइंड केलं की पेन्सिल सेलचा जीव जायचा, आणि सेल महाग. ज्याची कॅसेट तो घरी डेकवर, विजेवर मागे नेणार, एवढाच हिशेब. घाईत असलो तर करंगळी दात्यांत घालून किंवा बॉलपेनवर गरागरा फिरवूनही फीत मागे नेता यायची, पण ते कुणी करत नसे. आणि कॅसेटला मधोमध ती छोटी पारदर्शक खिडकी असते ना, तिच्यातून दोन्ही चाकांवर किती फीत आहे ते दिसतं. एका बाजूला अर्ध्या तासाची, म्हणजे जवळजवळ नव्वद मीटर फीत. सुरुवातीला सगळी डाव्या चाकावर जाड गुंडाळलेली, मग गाणं पुढे सरकेल तशी उजवीकडे चढत जाणारी. खिडकीत पाहिलं की माणूस कुठे उठून गेला ते कळायचं.

१९९६च्या पावसाळ्यात मास्तरांनी मला मल्लिकार्जुन मन्सूर दिले. विकतची कॅसेट नव्हती. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा, त्याच्यावरून त्यांनी स्वतः भरलेली. वरच्या कार्डावर निळ्या बॉलपेनने, कचेरीतल्या फायलीवर लिहितात त्या गोल अक्षरात: "म. मन्सूर. रेडिओ. बिहागडा (?)". ते प्रश्नचिन्ह मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. निवेदन निसटलं होतं आणि मास्तरांना राग कोणता ते पुरतं लागलं नव्हतं, तर त्यांनी तसं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. मला देताना एवढंच म्हणाले, "तुला चालतील असं वाटतं."

मी ती त्याच दिवशी परतीच्या गाडीत लावली. आणि मला काही लागेना. आधी आलापाची प्रस्तावना हवी, राग हळूहळू उलगडायला हवा, मग लय वाढायला हवी, अशी माझी सवय. हे गृहस्थ थेट बंदिशीत शिरले. आवाज बारीक, उंच, थोडा खरखरीत, गोडी लावणारा नव्हे. वाक्य कुठे सुरू झालं ते कळायच्या आत दुसरं वाक्य त्याच्यात गुंतलेलं, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठून तरी अचानक उगवायची. पुढे काय येणार हे मला एकदाही ओळखता येईना. घाटकोपरला गर्दी आत घुसली, कुणाचा तरी डबा बरगडीत रुतला, मी खिशात हात घालून बटण बंद केलं. पाचेक मिनिटं झाली असतील. कॅसेट काढून नाट्यपदं लावली. दोन दिवसांनी मास्तरांना कॅसेट परत दिली आणि म्हणालो, "ऐकली. छान आहे."

मास्तरांनी रबर बँड काढला. पिशवीतून कॅसेट काढली आणि सवयीने उजेडाकडे धरली. डावं चाक भरलेलं, उजव्यावर बोटाच्या नखाएवढी फीत. गाडी तेव्हा बोगद्यात शिरत होती. उजेड गेला, शेजारच्या डब्यातले टाळ एकदम मोठे झाले आणि त्या आवाजात मास्तर काही बोलले असते तरी मला ऐकू आलं नसतं. ते बोललेच नाहीत. बोगदा संपला तेव्हा कॅसेट परत पिशवीत गेली होती आणि पिशवी माझ्या मांडीवर होती. "राहू दे तुझ्याकडे," म्हणाले. "घाई नाही."

पुढच्या वर्षी त्यांची नागपूरला बदली झाली.

कॅसेट माझ्याकडेच राहिली. तीन घरं बदलली, लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकून पुण्याला नोकरीला गेली. प्रत्येक आवरासावरीत ती पिशवी हाताला लागायची आणि मी ती टाकायचो नाही, लावायचोही नाही. मधल्या काळात मन्सूर कोण ते मला कळत गेलं होतं. धारवाडजवळच्या मन्सूर गावचा मुलगा, आधी कानडी नाटक कंपनीत, मग मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर घराण्याची तालीम, मग मुंबईत जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या चिरंजीवांकडे, मंजी खाँकडे. मंजी खाँ १९३७ साली अचानक गेले. ती तालीम जेमतेम दीड-दोन वर्षांची, पण त्या तेवढ्याने सगळं गाणं उलटंपालटं झालं. मग धाकटे भाऊ भुर्जी खाँ यांच्याकडे पुन्हा पाटी कोरी करून बसणं. ऐन तिशीच्या आत एचएमव्हीच्या तबकड्या निघूनही देशभर नाव व्हायला साठी गाठावी लागली, आणि सप्टेंबर १९९२मध्ये तर ते गेलेच. म्हणजे मास्तरांनी मला कॅसेट दिली तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. हे सगळं मी वाचलं, लोकांकडून ऐकलं, गप्पांत सांगितलंही. खट, शिवमत भैरव, अडंबरी केदार अशी रागांची नावंही घेऊ लागलो. पण आवाज लावून बसलो नाही. चांगल्या माणसाशी आपण एकदा खोटं वागलो की मग त्याच्या गल्लीतूनसुद्धा जावंसं वाटत नाही. तसं माझं मन्सूरांशी झालं होतं, ज्यात त्यांचा काही संबंधच नव्हता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माळ्यावरून खोकं काढलं. पिशवी पिवळी पडली होती, रबर बँड वितळून कार्डाला चिकटला होता. कॅसेट खिडकीपाशी धरली. डावं चाक भरलेलं, उजव्यावर नखाएवढी फीत. जिथे उठून गेलो होतो, तिथेच.

घरातला टू-इन-वन चालू होता, पण चाकं फिरत नव्हती. स्टेशनजवळ एक कारागीर आहे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतो. त्याने मागचं झाकण उघडलं तर आतला पट्टा विरघळून डांबरासारखा झाला होता. तो त्याने चाकूच्या टोकाने खरवडला, काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने हेड पुसलं, नवा पट्टा बसवला. मग माझी कॅसेट हातात घेऊन म्हणाला, "साहेब, ही लावू नका, फीत खाईल." फितीमागे तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा एवढासा तुकडा असतो, फीत हेडला टेकवून धरणारा. तो गळून पडला होता. त्याने ड्रॉवरमधून एक जुनी कॅसेट काढली, पाच स्क्रू उघडले, माझीही पाच स्क्रू उघडून दोन्ही चाकं फितीसकट अलगद उचलली आणि त्या दुसऱ्या कवचात ठेवली. त्या दोन मिनिटांत मी श्वास धरून उभा होतो. "मागे नेऊ का, सुरुवातीपासून?" त्याने विचारलं. मी म्हणालो, नको, आहे तशीच राहू दे.

रात्री साडेनऊला लावली. ती वेळ मी मुद्दाम पाळली.

आधी खरखर, मग मध्येच तो आवाज, एका वाक्याच्या पोटातून सुरू झालेला. पहिली दहा मिनिटं मला तेव्हासारखंच झालं. हाताला काही लागेना. पण या वेळी घाटकोपरची गर्दी नव्हती. मी मास्तरांसारखा पेरांवर अंगठा ठेवून मात्रा मोजायला लागलो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं, आणि मोजता मोजता एकदा सम माझ्या करंगळीवर आली. बरोबर करंगळीवर. पुढच्या आवर्तनात मी वाट पाहत होतो तिथे ते पोचले, पण ज्या रस्त्याने पोचतील असं वाटलं होतं त्या रस्त्याने नाही. तो गोंयकार म्हणायचा ते आठवलं आणि मी श्वास ऐकायला लागलो. श्वास सापडेचना. इतकं मोठं वाक्य, त्याला लागून दुसरं, आणि मध्ये हवा घ्यायला जागाच दिसत नाही, तरी धाप नाही. निषाद प्रत्येक वेळी जरासा वेगळा लागतो असं मला वाटायचं, मग वाटायचं निषाद तोच आहे, शेजारचे सूर जागा बदलताहेत. मधूनच वीज चमकल्याची कडकड रेडिओतून आली. म्हणजे मास्तरांनी भरली ती रात्रही पावसाची होती.

पहिली बाजू एका तानेच्या मध्यावर संपते. तान वरच्या सा कडे निघाली आहे, आणि खट्. फीत संपली. दुसरी बाजू सुरू होते तेव्हा गाणं भलतीकडे पोचलेलं असतं, पुन्हा मुखडा चालू असतो. त्या मधल्या वेळात डोंबिवलीच्या एका खोलीत मास्तरांनी उठून कॅसेट उलटवली असेल, घाईत दोन बटणं एकदम दाबली असतील. त्या सात-आठ सेकंदांत जे गायलं गेलं ते माझ्यापुरतं सांडलं. मी ती जागा तीनदा ऐकली. ती तान कुठे उतरली असेल हे मनाशी गाऊन पाहिलं. माझ्या गळ्यात तान नाही, तरी पाहिलं.

आवडलं का, असं कुणी विचारलं तर मला अजून चटकन हो म्हणता येत नाही. वसंतरावांचं गाणं मला आत घेतं, बसवतं, पाणी विचारतं. इथे मला कुणी या म्हणालं नाही. दार उघडं होतं आणि घरातला माणूस आपल्या कामात होता. पण पुढचे पंधरा-वीस दिवस मी रोज रात्री त्या घरात जाऊन बसत होतो, आणि ज्या दिवशी जमलं नाही त्या दिवशी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. बायको एकदा भांडी आवरताना थांबली आणि म्हणाली, "हे थांबतच नाहीत का हो मध्ये?" मग तीही येऊन बसली.

गेल्या रविवारी मास्तरांना फोन केला. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही, सुनेशी बोललो, येतो म्हणालो. निघायच्या आदल्या रात्री कॅसेट शेवटची लावली. पहिली बाजू, मग उलटवून दुसरी, अगदी फीत संपून बटण आपोआप वर येईपर्यंत. आपला जुना नियम, म्हणून रिवाइंड केली नाही. नवी पिशवी घेतली, नवा रबर बँड घेतला, आणि गुंडाळायच्या आधी सहज खिडकी उजेडाकडे धरली.

डावं चाक भरलेलं. उजवं रिकामं.

क्षणभर पोटात खड्डा पडला. मग ध्यानात आलं. पहिली बाजू ऐकली की फीत उजवीकडे जाते, दुसरी ऐकली की तीच परत डावीकडे येते. दोन्ही बाजू पुरत्या ऐकलेली कॅसेट आणि हात न लावलेली कॅसेट खिडकीतून सारखीच दिसते. मधेच सोडून गेलेला माणूस तेवढा दिसतो. तीन वर्षं रोज त्या खिडकीत डोकावत होतो, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. थोडी फीत पुढे सरकवून ठेवावी का, असं एकदा मनात आलं. तेवढ्यासाठी बटणावर बोटही ठेवलं होतं. मग उचललं.

बदलापूरला पाऊस होता. मास्तर गॅलरीत बसले होते, पायावर शाल. मी पिशवी हातात दिली. त्यांनी कार्ड पाहिलं, स्वतःचं अक्षर पाहिलं, प्रश्नचिन्हावरून अंगठा फिरवला. मग कॅसेट उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली. काही बोलले नाहीत, बोगद्यात बोलले नव्हते तसेच. मी खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला, मशीनच्या बाजूला सरकवली आणि जरा मोठ्याने, शब्द सुटे सुटे करून सांगायला लागलो.

"मास्तर, पहिली बाजू संपते ना, तिथे एक तान अर्धी राहिली आहे. ती पुढे कुठे गेली होती, आठवतं का तुम्हाला?"

त्यांनी कॅसेट मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि अंगठा करंगळीवर नेला.